यमुताईंची पायपेटी

प्रतापनगरच्या भजनी मंडळानं ब्लूटूथचा स्पीकर आणला आणि यमुताई वझलवारांची पेटी कपाटावर चढली. मोबाइलवर बोट ठेवलं की तबला, पेटी, टाळ सगळं हजर. मग सत्तरीला टेकलेल्या बाईचा भाता कोण ऐकतो? यमुताईंचा सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून जन्म गेलेला, मनातलं मनातच फाइल करायची सवय. पण बोटं काही ऐकेनात. पोळपाटाच्या काठावर भूप, देवघराच्या चौकटीवर यमन, आणि एकदा तर दूधवाल्याशी बोलता बोलता त्याच्या कॅनवर आख्खा अभंग वाजवून झाला. दूधवाला बिचारा ताल धरून उभा!

सून भैरवी आर्किटेक्ट. जुन्या इमारतींची डागडुजी हे तिचं काम, आणि सध्या सदर भागातलं एक जुनं चर्च तिच्या हाती होतं. एका सकाळी ती म्हणाली, "आई, चला माझ्याबरोबर. नाही तर तुम्ही डायनिंग टेबलला भोकं पाडाल."

यमुताई कधी चर्चमध्ये गेल्या नव्हत्या. दारातच त्यांनी चपला काढल्या. तिथले फादर एलियास, तरुण, हसरे, मूळचे झारखंडचे, धावत आले. "ताई, राहू द्या, इथं चप्पल चालते."

"तुम्हाला चालते, मला नाही चालत," म्हणून यमुताई अनवाणीच आत शिरल्या, आणि पायाला ती गार फरशी लागताच लहान पोरीसारख्या खुदकन हसल्या.

भैरवी दाखवत गेली. आधी इथं कौलारू, मातीच्या भिंतींची नुसती एक लांबोडकी खोली होती. मग काळ्या दगडाच्या भिंती आल्या, वर सागाच्या तुळया चढल्या. माणसं वाढली तशा दोन्ही अंगांनी पडव्या काढल्या. त्यासाठी बाजूच्या भिंती फोडून कमानी केल्या, म्हणून हे खांब असे जाडजूड.

"म्हणजे घरासारखंच की," यमुताई म्हणाल्या. "लेकरं झाली, खोल्या काढल्या."

समोर भिंतीला टेकून नक्षीदार लाकडी वेदी, तिच्यापुढे साधं संगमरवरी टेबल. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणत. पुढे रीत बदलली, ते लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, तेव्हा हे टेबल आलं. खांबावर एक गोल सज्जा लटकलेला. माइक नव्हते तेव्हा त्यात चढून प्रवचन करायचं. यमुताईंनी तिथं चढून बघायचा हट्ट धरला. फादर "हो" म्हणायच्या आत त्या वर होत्या. रंगीत काचेतून ऊन येत होतं. त्यांची पांढरी साडी निम्मी जांभळी, निम्मी केशरी झाली होती.

"आई, गुडघे!" भैरवी ओरडली.

"ते घरी राहिले!"

आणि मागे पाहतात तर दारावरच्या माळ्यावर जाणारा जिना. एकाच खांबाभोवती गिरक्या घेत वर गेलेला. यमुताई चढल्या. गोल, गोल, गोल. डोकं गरगरलं तरी थांबल्या नाहीत. वर गायकांचे बाक होते आणि कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी मोठं. त्यांनी चादर ओढली. धूळ उडाली, शिंका आल्या, आणि समोर पायपेटी! पायानं भाता मारायची, कपाटाएवढी, वर आवाज बदलायच्या खुंट्यांची ओळ. यमुताईंनी बसून पाय मारले. आतून आवाज आला, फुस्स.

"भाता गेला," फादर खालून म्हणाले. "उंदरांनी खाल्ला. आम्ही आलो तेव्हापासून बंदच आहे."

त्यावर यमुताईंनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी महाल भागातून धोंडबाला घेऊन आल्या. धोंडबा भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचा. त्यानं पायपेटीभोवती एक चक्कर मारली, डोकं खाजवलं. "बाई, हे पेटी आहे का फ्रीज? मले आधी हिचं दार दाखवा." मग मागची फळी उघडली. आत चिमणीचं घरटं, वाळकी पानं, मेणबत्तीचे तुकडे. भात्याची तर चाळणीच झालेली.

"होईल का गा?" यमुताईंचा जीव टांगणीला.

"काहून नाही होणार? भाता तो भाता. हिचा जरा मोठा आहे, एवढंच."

धोंडबानं नवं कापड चढवलं, कडेला चामडं डकवलं, स्वर देणाऱ्या पितळी जिभा एकेक काढून पुसल्या. शेवटी यमुताईंनी पाय मारले. पेटीनं लांब श्वास ओढला. "श्वास घेऊन राहिली बाई, श्वास घेऊन राहिली!" धोंडबा नाचायलाच लागला. यमुताईंनी एक स्वर दाबला, आणि काय तो आवाज! काचा थरथरल्या, तुळयांवरची कबुतरं फडफडत उठली, फादर हातात झाडू घेऊनच बाहेरून पळत आले.

तिथंच चर्चच्या गायकांना शिकवणाऱ्या मर्सी टीचरनं त्यांना गाठलं. चर्चचा सण तोंडावर आला होता आणि की-बोर्ड वाजवणारा पुण्याला नोकरीला निघून गेला होता. "ताई, तुम्ही वाजवाल?"

यमुताई ऐकून ऐकून गाणी शिकल्या. घरात भाजीला दोनदा मीठ पडू लागलं, आणि कुणी काही म्हणालं की त्या चालीतच उत्तर देत.

सणाचा रविवार उजाडला. चर्च दोन्ही पडव्यांसकट भरलं. धोंडबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर. पहिलं गाणं झोकात झालं. यमुताईंनी बोटं उचलली, पण एक स्वर थांबेचना. पांढरी पाचची पट्टी खाली बसली ती बसलीच. फादरांनी प्रार्थनेला हात पसरले आणि वरून पेटी, ऊँऽऽ! यमुताईंनी पाय थांबवले. स्वर घसरत घसरत, म्हैस निजावी तसा कण्हत विझला. खालून कुणीतरी फिसकलं.

दुसरं गाणं आलं. पाय मारले की तो स्वर ओरडणारच. मर्सी टीचरचा चेहरा पांढराफटक. "आता काय करायचं, ताई?"

यमुताईंनी अडकलेली पट्टी नखानं उचकटून पाहिली, ती हलेना. आणि एकदम त्यांना सुचलं. वाजतोय तर वाजू दे. तानपुरा काय वेगळं करतो?

"हाच आपला सा," त्या कुजबुजल्या. "सूर बदलते. माझ्यामागे या."

त्यांनी गाणं त्या स्वरावर उचललं. खाली तो एकच स्वर गंभीरपणे घुमत राहिला आणि वर गाणं चढत गेलं. गायक आधी चाचरले, मग मोकळे झाले, मग सगळं चर्च गाऊ लागलं, भिंती, कमानी, तुळया सगळं भरून गेलं. दोन कडव्यांच्या मध्ये यमुताईंना राहवलं नाही. त्यांनी एक छोटीशी तान सोडून दिली. मर्सी टीचर गाता गाताच हसू लागली. आणि पहिल्या बाकावरून धोंडबा ताडकन उठून ओरडला, "वा बाई, वा!"

सगळं चर्च त्याच्याकडे बघू लागलं. फादर वेदीपुढे ओठ चावून उभे, खांदे मात्र गदगदा हलत होते.

नंतर अंगणात केक वाटताना एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम जवळ आले. "ते मागं एकसारखं वाजत होतं ना, फारच भारदस्त. कुठं शिकलात?" यमुताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी, हातातला केक जमिनीवर, भैरवी पाठ चोळतेय आणि स्वतःही हसतेय.

दुसऱ्या दिवशी धोंडबानं पट्टीखालून एक काडी काढून दिली आणि पेटी शहाण्यासारखी वाजू लागली. पण पुढच्या रविवारी गायकांनी दुसरं गाणं म्हटलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. मजाच गेली होती त्यातली. मर्सी टीचर म्हणाली, "ताई, तो आवाज परत आणता येईल का?"

मग धोंडबानं लाकडाची एक इवलीशी पाचर तासून दिली. आता दुसऱ्या गाण्याची वेळ झाली की यमुताई पांढरी पाच दाबतात, त्यात पाचर ठोकतात, आणि पाय मारायला लागतात.