वडिलांच्या मापाचा संडास

मध्यभारत राज्याच्या काळात तुकोगंजातल्या घरोघरी फ्लशचे संडास बसवणारा मिस्त्री एकच होता. घरातल्या कर्त्या माणसाला अंगणात उकिडवं बसवून माप घेतल्याशिवाय तो पाय ठेवायचे दगड बसवत नसे. आमचे वडील होळकर दरबारातले जुने कारकून. त्यांनी साफ नकार दिला.

"साहेब, जूता नापाचा घेता ना? ही तर रोजची बैठक आहे," विडी कानामागं खोचत तो म्हणाला.

शेवटी वडील काळी टोपी घालून, दरबारात बसावं तशा चेहऱ्यानं उकिडवे बसले. मिस्त्रीनं त्यांच्या पावलांभोवती खडूच्या रेघा ओढल्या. वडील उठून कुंपणापाशी हसणाऱ्या शेजाऱ्यांवर खेकसायला गेले.

तेवढ्यात नळावर भांडी घासणारी आई गुडघे धरून कशीबशी उठली आणि आत गेली. ती उठली तिथं फरशीवर तिची दोन्ही ओली पावलं उमटली होती. मिस्त्रीनं त्यांच्यातलं अंतर सुतळीनं मोजलं, गाठ मारली आणि वडिलांच्या रेघा पायानं पुसून टाकल्या.

"भिया, साहेबांना बोलू नका हं," तो मला म्हणाला. मी मान डोलावली.

पुढं जन्मभर वडील पाहुण्यांना संडास दाखवून सांगत, "खास माझ्या मापाचा आहे!"

मी शब्द पाळला. फक्त आईला सांगितलं.