गादीवाल्यांच्या गादीतला खड्डा

शेजारचे गादीवाले घोरू लागले की मला माझ्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत नसे. कापूस पिंजायचं यंत्र घरी आणलंत का, असं मी विचारी. ते हसत, वहिनी हसत नसत. वहिनींचे वडील असेच घोरत आणि झोपेतच गेले. नवऱ्याचा श्वासही असाच थांबेल, या धास्तीनं डोळा लागेपर्यंत त्या कान लावून पडत. दिवसा खोळी शिवताना डुलक्या काढत. जागरणानंच होत असणार, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

जवळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मी दोघांना तिच्याकडे नेलं. तिनं एक पातळ पट्टी दिली. अंगाला काही लावायचं नाही. पट्टी गादीखाली राहते आणि श्वासाची चढउतार टिपते. गादीवाल्यांनी ती आपल्या बाजूला ठेवली आणि हलू नये म्हणून खालच्या सतरंजीला टाके घालून पक्की केली. काम म्हणजे काम.

महिन्याभरानं आलेख पाहून डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडली. एक आठवडा श्वास अगदी संथ, पुढच्या आठवड्यात पुन्हा पुन्हा थांबलेला, मग परत संथ. गादीवाले रोज त्याच जागी झोपतात ना, असं तिनं विचारलं.

"छे हो," गादीवाले म्हणाले, "दर रविवारी आम्ही दोघं झोपायची बाजू बदलतो. नाहीतर कापूस एकीकडे बसतो. गिऱ्हाइकांना सांगायचं आणि आपणच पाळायचं नाही?"

पट्टी मात्र टाके घातलेल्या जागीच होती, म्हणजे एकाआड एक आठवडा तिच्यावर वहिनी झोपत होत्या. थांबणारा श्वास वहिनींचा होता. त्या घोरत नसत, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती. दुसरी पट्टी त्यांच्या बाजूला घातली आणि खात्री झाली.

"म्हणजे मी उगाच ह्यांची राखण करत होते," वहिनी म्हणाल्या. गादीवाल्यांनी नुसता त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

आता वहिनी श्वास थांबू न देणाऱ्या यंत्राचा मुखवटा नाकाला लावून झोपतात आणि दिवसा खोळी शिवताना माझ्याशी गप्पा मारतात. त्यांचा आवाज खिडकीतून आला की मला त्या पट्टीचे आणि माझ्या विद्यार्थिनीचे उपकार आठवतात. यंत्र वहिनींच्या उशाशी असल्यामुळे बाजू बदलणं बंद झालंय. त्यांच्या बाजूला गादीत चांगला खड्डा पडलाय. गिऱ्हाइकांनी पाहिलं तर काय म्हणतील, असं मी परवा डिवचलं.

"पाहू देत," गादीवाले म्हणाले. "तिथं माझं माणूस झोपतं."