पाठवलेल्या मेसेजची पेटी

बाळांनो, काल इथे अमरावतीत भात अर्धा शिजला आणि गॅस संपला. नवा सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा होता, पण फोनवर येणारा कोड सांगितल्याशिवाय तो द्यायला तयार नव्हता. माझा जुना बटणांचा फोन 'मेसेजसाठी जागा नाही' एवढंच सांगत होता. मी एक जाहिरात पुसली, की मोकळ्या जागेत ताटकळलेली दुसरी जाहिरात येऊन बसायची.

"आजी, मले अजून अर्धी गल्ली कराची हाये," तो म्हणाला. "जुने मेसेज उडवा ना."

जुने म्हणजे तुमचे, 'पोचलो' आणि 'जेवलो' एवढेच लिहिलेले. ते मी पुसणार नव्हते. वैतागून मेनू धुंडाळताना पाठवलेल्या मेसेजची पेटी उघडली. फोनने माझा प्रत्येक मेसेज स्वतःहून ठेवून घेतला होता: स्वेटर घाला, दूध प्या, फोन करा. एकेक मोठ्यानं वाचत ती सगळी पेटी मी रिकामी केली. आणखी काही जाहिराती आल्या आणि त्यांच्यामागून एकदाचा कोड आला.

सिलिंडर आत ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "पोराईले इतकं काय लिवून राहिले आजी? फोन लावत जा."

"ते उचलत नाहीत."

भाताचा गिचका झाला, तोच खाल्ला. माझ्या सूचना फोनमधून पुसल्या आहेत, रद्द केलेल्या नाहीत. स्वेटर घालाच.