तांदळाच्या पिपातला लॅपटॉप

मंडळी, अजून जीव थाऱ्यावर नाही.

सकाळी माझा सेकंडहँड लॅपटॉप हार्ड डिस्कच ओळखेना. मागच्या वर्षी गेलेल्या आईच्या आवाजातली धान रोवण्याची गाणी त्यातच आहेत. दुसरी कॉपी नाही.

बाबा म्हणाले, "काल त्याच्यावर पाणी सांडलं, म्हणून तांदळाच्या पिपात ठेवला. मोबाईल ठेवतेत, मंग याले काऊन नाही?"

मी जाम चिडलो. खालच्या झाकणाचे दोन स्क्रू आधीपासूनच नव्हते. उघडलं तर डिस्कच्या जोडणीत कोंडा आणि कनकी, तांदळाचा बारीक चुरा! ब्रशने साफ करून डिस्क पुन्हा बसवली. दिसली!

तपासायला एक गाणं लावलं. बाकीची पेनड्राइव्हवर घेऊन राहिलो. तुमच्याकडे असा कोणाचा आवाज असेल, तर त्याची कॉपी आहे का?

गाणं बंद करायला हात नेला, तर बाबांनी धरला.

"बंद कायले करतं? गाऊ दे तिले."