टीचरबायची मरिया

टीचरबाय संतांचे चमत्कार शेवटी घाईघाईने उरकून टाकायच्या. त्याआधी तो संत कोणाला ‘नाही’ म्हणाला, ते मात्र रंगवून सांगायच्या. संत बार्बराला बापाने दोन खिडक्या ठेवायला सांगितलं, तिने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने गवंड्याकडून तीन करून घेतल्या. संत लॉरेन्सकडे अधिकाऱ्याने चर्चचा खजिना मागितला, त्याने ‘हाच तो खजिना’ म्हणून गावातले गोरगरीब नेऊन समोर उभे केले. “घाबरले ते पण असतील,” टीचरबाय म्हणायच्या, “पण मान खाली घातली नाय.”

त्या वसईकडच्या. नवरा बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात होता आणि सरावलीला चाळीत त्यांची एक खोली होती. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या हॉलमध्ये त्या आम्हाला धर्मशिक्षण द्यायच्या. आम्ही कारखान्यांच्या मागे आलेल्यांची पोरं: कोणी मंगळूरकडचं, कोणी तामिळ, आणि डोंगराकडच्या गावांतून बांधकामावर आलेल्यांची वारली मुलं.

नाताळआधीचा चार रविवारांचा आगमनकाळ लागला की घरोघरी कागदी तारे लागायचे, टेपवर नाताळची गाणी सुरू व्हायची. टीचरबायना ते खपत नसे. “बाळ अजून पोटात हाय. बारसं आताच कशाला?” असं म्हणून त्या आम्हाला तारापूरच्या किनाऱ्यावरून सुरूच्या फांद्या आणायला लावायच्या. त्या फांद्या गोल बांधून केलेल्या चक्रात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढायची, आणि चौथी पेटेपर्यंत गाणं नाही म्हणजे नाही.

एका वर्षी नाताळच्या नाटकात त्यांनी मरियाचं काम लुसीला दिलं. लुसीची आई नव्या कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहायची. चर्च कमिटीचे सेक्रेटरी तालमीला आले आणि टीचरबायना बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, कंपन्यांचे मोठे पाहुणे येणार आहेत. साहेबांच्या कॉलनीतली एखादी मुलगी घ्या. इंग्लिश बोलणारी. ही मेंढरांत शोभेल.”

लुसी तिथेच उभी होती. टीचरबाय मोठ्याने म्हणाल्या, “मरिया कुठल्या कॉलनीतली होती?”

“मग हॉल मिळणार नाही.”

“हॉल तुमचा हाय. नाताळ तुमचा नाय.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चाळीच्या आवारात नाटक केलं. पाहुणे हॉलमध्ये कमिटीच्या कार्यक्रमाला गेले. आमच्यासमोर होते पाळी सुटून आलेले कामगार, चाळीतल्या बाया आणि बाजार उरकून निघालेली तारापूरची एक कोळीण. ती रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. मरिया आणि जोसेफ दारोदार फिरले. सराईवाला झालेला मुलगा शेवटी ओरडला, “जागा नाय! निघा!”

तशी ती कोळीण उठून उभी राहिली. “अगो पोरी, इकडं ये. आमच्या घरात जागा हाय.”

जोसेफ गोंधळून थांबला. कोणी हसलं नाही. लुसीने टीचरबायकडे पाहिलं. टीचरबायच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच, जरबेचा. “बोलावतात ना? मग जा.”

लुसी गोठ्याकडे गेलीच नाही. ती कोळणीच्या शेजारी जाऊन बसली, मेंढरं आणि देवदूत तिच्यामागे गेले, आणि येशू त्या वर्षी मासळीच्या पाटीत जन्मला. लुसीची आई भिंतीला टेकून उभी होती. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या वाजवताना पाहिलं.

पुढच्या वर्षी कमिटीने टीचरबायना कळवलं की आता त्यांची गरज नाही. हॉलमध्ये नवीन शिक्षिका आल्या. टीचरबायनी रविवारी आपल्या ओटीवर चटई घातली. “हाकलायचं असेल तर या म्हणावं,” त्या म्हणाल्या. कोणी आलं नाही, आणि चटई पुरेना म्हणून चाळीतल्या बायांनी आपापल्या गोधड्या आणून दिल्या.

काही वर्षांनी टीचरबायच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. खोली सोडताना त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा सेक्रेटरी आले. म्हणाले, “बाई, राग ठेवू नका.”

“ठेवणार,” टीचरबाय म्हणाल्या. “माझ्याकडे तो नीट राहील. तुमी पोरांना नीट ठेवा.” मग आम्हा प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढून त्या टेम्पोत चढल्या. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. त्या गेल्याचं कळलं तेव्हा त्यांना माती देऊनही बरेच दिवस झाले होते.

त्या वर्षी आगमनकाळात लुसीने कुंभवलीला मुलं जमवली. तोवर ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. नाटकासाठी कमिटीकडे हॉल मागू का, असं मी तिला विचारलं. कमिटी नवी होती, मिळालाही असता.

लुसी मुलांच्या डोक्याला फडकी बांधत होती. वर न बघताच म्हणाली, “नको. हॉलला दार असतं.”