डाव्या बाजूचं दार

आमच्या नाशकातल्या अंबडच्या कंपनीत टूलरूमच्या लेथखाली रोज लोखंडाचा बुरा साठायचा. कुणी मुद्दाम साठवत नसे, काम चाललं की तो पडायचाच. गायधनीच्या गाडीचे किस्से तसेच साठले. आता आम्ही जुनी मंडळी भेटतो ती बहुतेक दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला. शुगर झाली, गुडघे झाले, कोण राहिलं कोण गेलं हेही झालं, की कुणीतरी म्हणतंच, "ए भालेराव, डबीचा तो किस्सा सांग ना!" मग मी सांगतो आणि सगळे हसतात. हसून झाल्यावर मात्र एकेक जण चपला शोधायला लागतो.

डबी म्हणजे गायधनीची मोटार. ऐंशीच्या आगेमागे कंपनीत एक मशीन बसवायला विलायतेहून इंजिनिअर आला होता, तो परत जाताना ती इथेच विकून गेला. केशरी रंग, दोनच दारं, मागं अख्खं वर उघडणारं झाकण, आणि इतकी ठेंगणी की शेजारी बैल उभा राहिला तर आतून त्याचं फक्त पोट दिसावं! पण पळायची मात्र अशी की विचारू नका. गायधनीला तरुणपणी शर्यतीत मोटार चालवायची होती. वडिलांनी तसं होऊ दिलं नाही आणि त्याला टूलरूममध्ये चिकटवला. त्यानं स्कूटर विकली आणि डबी घेतली. घरात तेवढं एकच वाहन. ऑफिस, दळण, भाजी, दवाखाना, सगळ्याला डबी!

त्याची बायको मालतीवहिनी. हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा, त्यातली आठ गाडीशी. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "सवत आली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हिला पुसायचं फडकंसुद्धा माझ्याच जुन्या साडीचं लागतं!"

हसत म्हणाल्या. माझ्या बायकोनं घरी येऊन सांगितलं तेव्हा ती मात्र हसत नव्हती.

*

दळणाचा किस्सा पहिला. गायधनी गव्हाच्या पिठाचा डबा मागं ठेवून गिरणीतून निघाला. त्र्यंबक नाक्यावर कुणीतरी जावा मोटारसायकलवाला हॉर्न देत पुढं गेला. झालं! यानं असं काही वळण घेतलं की मागं डब्याचं झाकण उडालं. काचा बंद होत्या. घरासमोर डबी थांबली आणि दार उघडून आतून एक पांढरा माणूस बाहेर आला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हातारपणी कसे दिसाल ते कळलं. आता पीठ कुठंय?"

"पण त्याला मागं टाकलं," गायधनी म्हणाला.

म्हातारपणी तो खरंच तसाच दिसतो. ते बघायला वहिनी राहिल्या नाहीत.

*

आता पिंगळेच्या बहिणीचं लग्न. पिंगळे आमच्या स्टोअरमध्ये होता, निफाडचा, घरची द्राक्षबाग. त्याला हौस, की नवरी मोटारीतून मांडवात आली पाहिजे, आणि आमच्यात मोटार एकच. दोन दारांच्या गाडीत मागच्याला उतरायचं तर पुढच्यानं आधी उतरून सीट पाडावी लागते. नवरी मागं, करवली मागं. पुढं मानाची जागा, तिथं नवरीचे मामा बसले. गायधनी चालवत होता.

मांडवाच्या दारात गाडी थांबली, सनई सुरू झाली. मामा काही उतरेनात! का, तर ते रुसले होते. पाहुण्यांना फेटे बांधताना यांचं नाव मागून घेतलं म्हणे. नवरीला बोहल्यावर न्यायचं मामानं, आणि नवरी अडकलेली मामाच्याच पाठीमागं. मुहूर्त जवळ आला. बाहेर माणसं हात जोडतायत, मामा समोरच्या काचेतून दूर कुठंतरी बघतायत. गायधनीची बाजू मांडवाच्या खांबाला अशी चिकटलेली की दार फक्त त्याच्यापुरतं उघडत होतं.

कुणीतरी म्हणालं, "मागचं झाकण उघडा, पोरीला तिकडून काढा!"

पिंगळेची आजी कडाडली, "नवरी हे का कांद्याची गोणी? खबरदार कोनी झाकणाला हात लावला तर!"

शेवटी नवरदेवाच्या बापानं स्वतःचा फेटा उतरवून खिडकीतून मामांच्या डोक्यावर ठेवला. मामा विरघळले. आणि मानाच्या जोशात त्यांनी आतलं हँडल असं काही ओढलं, की दाराच्या आत काहीतरी कट्‌ आवाज झाला आणि हँडल नुसतंच सैल हलायला लागलं. आता उतरायचं म्हटलं तरी उतरता येईना, आणि बाहेरचं बटण कुणाला सापडेना! "आता काय नवा फेटा पायजे का?" पिंगळे ओरडला. गायधनी खांबाच्या फटीतून कसाबसा बाहेर आला, गाडीला वळसा घातला आणि बाहेरून दार उघडलं.

लग्न लागलं. दार मात्र त्या दिवसापासून आतून उघडायचं बंद झालं.

*

नाशकातच द्वारका चौकात रफिकभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी दार बघून मान हलवली. "साब, आतली तार तुटली. विलायती माल आहे, खोलला आणि बसला नाही तर दारच जाईल. पार्ट मिळाला तर बघू." पार्ट नाशकात मिळेना, मुंबईत मिळेना. खिडकीची काच अर्धीच सरकायची, त्यातून हात काढला तरी बाहेरच्या बटणापर्यंत पोचायचा नाही. म्हणजे डावीकडं बसणाऱ्या माणसानं गायधनी येऊन दार उघडेपर्यंत बसून राहायचं. बसणारं माणूस म्हणजे मालतीवहिनी.

पहिल्या महिन्यात हा विसरायचाच. एकदा वहिनींच्या भावाकडं नाशिकरोडला गेला. गाडी लावली, वर गेला, चहा घेतला, मेहुण्याशी गप्पा म्हणजे हूं-हूं केलं. मेहुण्यानं विचारलं, "भावजी, ताई नाही आली?"

"आलीय ना. गाडीत आहे."

सगळे धावत खाली! वहिनी शांत बसलेल्या, घामानं डबडबलेल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, गाडीला एकटं सोडवत नसेल म्हणून मला सोबतीला ठेवलंय."

त्यानंतर गायधनी कधी विसरला नाही. गाडी थांबली की म्हणायचा, "थांब, येतो." मग पुढून वळसा, बटण दाबायचं, दार उघडून धरायचं, आणि गाडी ठेंगणी म्हणून हात द्यायचा. थिएटरसमोर माझ्या बायकोनं हे पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं, "बघा, शिका जरा!"

"अगं, आपल्या स्कूटरला दार कुठंय?" मी म्हणालो.

"माणसाला तरी असावं," ती म्हणाली.

कॉलनीतल्या नवरे मंडळींचं त्या काळात जिणं हराम झालं होतं. गायधनीला ह्याचा पत्ताही नव्हता. एकदा वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कधी वळून माझ्या बाजूला आले नव्हते. त्या मामांना एकदा साडी-चोळीचा नाही, पण शर्टपीसचा तरी आहेर केला पाहिजे."

*

मग वहिनींना आजार निघाला. नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, अजूनही माझ्या तोंडून निघत नाही. नाशकातल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि डबीच्या कसारा घाटातून वाऱ्या सुरू झाल्या. गाडीच्या स्प्रिंगा कडक, रस्त्यातला प्रत्येक खड्डा वहिनींच्या पाठीत जायचा. गायधनीनं सीटवर उशी घातली, तिच्यावर गोधडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा हळू चालवायला लागला. इतका हळू की भरलेले ट्रक मागं टाकून जायचे!

एकदा मी मागं बसलो होतो. इगतपुरीच्या अलीकडं एका ट्रकच्या क्लीनरनं वाकून सांगितलं, "ओ शेठ, उतरून ढकला, लवकर पोचाल!"

गायधनीनं नजर रस्त्यावरच ठेवली. वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढ्याला तरी मागं टाका."

"तुला हिसका बसेल."

"बसू दे की. रोज औषधाचाच बसतो."

त्यानं गिअर टाकला. डबी अशी उसळली की मी मागं गोळा झालो. ट्रक गेला, त्याच्या पुढची एसटी गेली. वहिनी खिडकीच्या अर्ध्या फटीशी तोंड नेऊन हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी ओठ दाताखाली धरला होता. गायधनीला ते दिसलं. गाडी पुन्हा हळू झाली. तो ट्रक आम्हाला परत मागं टाकून गेला, तेव्हा क्लीनरनं मान आत घेतली.

*

आम्हीच त्याला सांगितलं, ही विक आणि एखादी जुनी ऐसपैस चार दारांची घे. तो लगेच कबूल झाला. ज्या गाडीसाठी त्यानं सणाला कपडे घेतले नाहीत, ती विकायला काढताना एक शब्द बोलला नाही. मालेगावचं एक गिऱ्हाईक आलं. बॉनेट उघडलं, चाकं बघितली, खूश झालं. तेवढ्यात वहिनी शाल गुंडाळून बाहेर आल्या आणि सरळ डाव्या सीटवर जाऊन बसल्या.

गिऱ्हाईक आदबीनं म्हणालं, "ताई, जराशा उतरा, सीट बघतो."

वहिनींनी हँडल धरलं, जोर लावला, चेहरा कसनुसा केला. "नाही हो उघडत आतून. ह्यांनी येऊन उघडलं तरच. कधी कधी बसून राहावं लागतं. त्यात माझी तब्येत ही अशी..."

माणूस हबकला. गायधनीला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडी भारी शे, पन बाईमाणूस आतच अटकी ग्यी ते काय करानं?" आणि चहाही न घेता गेला.

गायधनी पहिल्यांदाच बायकोवर चिडला. "तुझ्याचसाठी विकत होतो ना!"

"मला हीच बरी आहे," वहिनी म्हणाल्या. "आता येता का दार उघडायला?"

पुढं कुणी गाडी विकायचा विषय काढला नाही. शेवटच्या खेपेला त्यांना बसवतही नव्हतं. मागची सीट पाडून, झाकणातून आत घेऊन आडवं निजवावं असं आम्ही सुचवलं. वहिनींनी डोळे उघडले. "मी काय कांद्याची गोणी आहे?" पिंगळेच्या आजीचं वाक्य त्यांना पाठ होतं. त्या पुढंच बसून गेल्या, डावीकडं.

परत आल्या त्या ॲम्ब्युलन्समधून. डबी रिकामी मागून आली. गायधनी चालवत होता.

*

त्यानंतर तो कामावर आला त्या दिवशीची गोष्ट. गेटवर आमचा वॉचमन शिंदे, फौजेतून रिटायर झालेला. डबी येऊन थांबली. गायधनी उतरला, पुढून वळसा घातला, डावं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. कुणी मोठा साहेब आला असेल म्हणून शिंदेनं कडक सॅल्यूट ठोकला. कुणीच उतरेना, तसा त्यानं वाकून बघितलं.

"साहेब, आत कोनी नाय."

"माहितीये," गायधनी म्हणाला. दार लावलं आणि टूलरूमकडं निघून गेला.

शिंदेनं आम्हाला सांगितलं तेव्हा आधी आम्ही हसलो. मग पिंगळे उठून बाहेर गेला.

*

दुसऱ्याच आठवड्यापासून मी स्कूटर घरी ठेवली. क्लच गेलाय म्हणून थाप मारली आणि रोज गायधनीबरोबर डाव्या सीटवर बसून जाऊ-येऊ लागलो. माझ्या घरासमोर गाडी थांबली की तो म्हणायचा, "थांब, येतो." मी थांबायचो. पंचावन्न किलोची काडी मी, मला हात कशाला लागतो? पण तो द्यायचा.

एकदा कामावरून येताना डबीचं ऑइल बदलायला आम्ही रफिकभाईंकडं गेलो. गायधनी समोर ऑइल आणायला गेला. मी उगाच विषय काढला, "भाई, त्या दाराची तार आता तरी मिळते का बघा ना."

रफिकभाई हात पुसत होते, ते थांबले. "कौनसी तार? ती तर मी केव्हाच बसवली."

"केव्हा?"

"भाभी बीमार पडायच्या आधी. साब गाडी आणि भाभीला इथं सोडून बँकेत गेले होते. मी म्हटलं, बघू तर खरं. दार खोललं, स्कूटरची क्लचची तार टाकली, बसली! भाभींना दाखवलं. त्यांनी दोन-तीनदा उघडून बघितलं, खूश झाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, 'भाई, साहेबांना सांगू नका.'"

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"भाभींनी कसम घातली. आता त्या नाहीत, तर कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही दोस्त आहात, तुम्हीच सांगा."

मी गाडीत जाऊन बसलो. दार लावून घेतलं. हँडल हळूच ओढलं. दार उघडलं. काही आवाजसुद्धा झाला नाही. मी ते पुन्हा ओढून घेतलं.

गायधनी आला, ऑइल झालं, आम्ही निघालो. त्र्यंबक नाका आला, कॉलनी आली. माझ्या घरासमोर त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

"थांब, येतो," तो म्हणाला.

मी जेवणाचा डबा मांडीवर घेतला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि बसून राहिलो.