उपप्रश्नासाठी टिपण

आबा साटम विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर बसून कधी लिहीत नसत. मुंबईत आमदाराने प्रश्न टाकला, की तो सचिवालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून उतरत उतरत आमच्या तालुक्याच्या कचेरीत पोचायचा, लाल शाईने ‘तातडीचे’ असा शेरा घेऊन. मग अव्वल कारकून आबा काळी टोपी चढवत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावत, खुर्चीमागे ताठ उभे राहत आणि मला म्हणत, “हां, विचार.” मी विरोधी पक्षाचा आमदार, आबा मंत्री. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, मी आडवेतिडवे उपप्रश्न टाकायचे. तासभर असं झाल्यावर जे उत्तर टिकेल ते कागदावर यायचं. मामलेदारसाहेबांना हा पोरखेळ वाटे. पण आमच्या कचेरीचं उत्तर वरून कधी परत आलं नव्हतं, म्हणून ते आपलं दार लोटून घेत.

मी कट्टा गावचा, नुकताच चिकटलेला बावीस वर्षांचा कारकून. आबा मला नावाने हाक मारत नसत, ‘कट्टेकर’ म्हणत. “कट्टेकर, मंत्री उभो रवता मुंबैत, पण तेचे पाय आमच्या हय आसतत. फळी कुजकी दिलंस तर पडतलो तो.” मुंबईत कोणी मंत्री खरोखर पडला असता तर आबांनी आठवडाभर अन्न सोडलं असतं, अशी माझी खात्री होती.

त्यांचा एकच वैरी होता, ‘समजते’ हा शब्द. सगळ्या कचेऱ्या त्या शब्दावर जगतात. मी एकदा ‘दुरुस्ती झाल्याचे समजते’ असं लिहून नेलं, तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “कोणाक समजता? तुका? शिपायाक? काय कचेरीतल्या मांजराक? वाक्यामागे माणूस व्हयो.” प्रश्न एका शाळेच्या छपराचा होता. कागदोपत्री छप्पर शाकारलेलं. आबा पाच मैल चालत गेले, पन्नाशीच्या वयात शिडी लावून वर चढले आणि परत येऊन ‘दुरुस्ती झालेली नाही’ असं मास्तरांच्या नावानिशी लिहिलं. वर्षाच्या आत शाळेवर नवी कौलं चढली. त्या दिवसापासून मी त्यांच्या पायांशी बसायला तयार होतो.

पुढचं लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि आमच्याकडे दारूबंदी, एवढं सांगितलं तरी पुरे. प्रश्न आला तो असा: ‘(१) या तालुक्यातील खाडीत गोव्याहून चोरटी दारू राजरोस उतरते, हे खरे आहे काय? (२) असल्यास, किनाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी तेथे पोलीस चौकी बसवण्याचा सरकारचा विचार आहे काय?’ मामलेदारसाहेब म्हणाले, “साटम, ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा.” आबांनी छत्री उचलली.

मी बरोबर होतो. खाडीच्या तोंडाशी पंचवीस-तीस घरांची वाडी. जाळी विणणाऱ्यांनी मान वर केली नाही. “आमका काय ठावक नाय,” एवढंच सगळीकडे. बायका आम्हांला बघून पोरांना आत घेत होत्या. इतकी गप्प वाडी मी आधी पाहिली नव्हती, आणि मला लवकर निघावंसं वाटत होतं. परतताना सुरूच्या झाडांपर्यंत एक माणूस आमच्या मागे आला. जयराम तांडेल, चाळिशीचा, एका होडीचा मालक. त्याने वार सांगितले, माल आणणारा पडाव, म्हणजे मोठी होडी, कोणाचा ते सांगितलं, कोणाची बैलगाडी माल नेते तेही सांगितलं.

“वाडीतले पोरगे मासे मारूचे सोडून दारूची पिंपां व्हतत, आबा. रापणीचा जाळा ओढूक माणूस गावणा नाय. चौकी व्हयीच. पण माझा नाव खंय येवक नको. नाव इला तर मी रवूचंय नाय.”

आबांनी त्याचा हात हातात घेतला. “नाव माझ्याकडेच रवतला.”

दुसऱ्या दिवशी टोपी चढली. आबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “पहिल्या भागाचे उत्तर, होय. दुसऱ्याचे, चौकी बसवण्यात येईल.” मला स्फुरण चढलं. असा ‘होय’ आमच्या कचेरीतून कधी गेला नव्हता. मी टेबलावर मूठ आपटून विचारलं, “अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदय ‘होय’ म्हणतात ते कशावरून? हे त्यांना सांगणारा कोणी माणूस आहे, का ही नुसती ऐकीव गोष्ट आहे?”

आबा खुर्चीत बसले. बसलेले आबा त्या खेळात मी पहिल्यांदाच बघत होतो.

दर उत्तरासोबत एक वेगळा कागद जायचा, ‘उपप्रश्नासाठी टिपण’. तो मंत्र्यांच्या माहितीपुरता, सभागृहात वाचायचा नाही, वर ‘गोपनीय’ असा शिक्का. आबांनी त्यावर जयरामचं नाव आणि वाडी लिहिली.

“आबा, तुम्ही शब्द दिलाय त्याला.”

“ह्यो कागद बंद आसता, कट्टेकर. आजवर कोणी वाचून दाखवूक नाय. आणि इचारल्यानी तर मंत्री उघडो पडतलो. मग चौकी खंयची आणि काय खंयचा?”

मी शिक्का उचलून त्यांच्या हातात दिला. खरं तर माझा प्रश्न इतका बिनतोड निघाला याचा मला आत कुठेतरी आनंद झाला होता. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मुंबईचा पेपर आमच्याकडे शिळा होऊन यायचा. तो आला तेव्हा आबांनीच मोठ्याने वाचायला घेतला. विरोधी सदस्याने नेमकं तेच विचारलं होतं, जवळजवळ माझ्याच शब्दांत. ऐकीव म्हटल्याबरोबर मंत्री चिडले, त्यांनी समोरचा कागद उचलला आणि नाव, गाव, वाडी, सगळं वाचून दाखवलं. सभागृहात बाकं वाजली, असंही पेपरात होतं. तो मजकूर त्यांनी मनात पुन्हा एकदा वाचला आणि तसेच उठून एस.टी.वर गेले. मी मागोमाग.

वाडीत बातमी आमच्या आधी पोचली होती. जयरामच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, कोणीतरी पेपरातला तो तुकडा कापून डिंकाने चिकटवला होता. बाकी काही केलं नव्हतं. दगड नाही, शिवी नाही. जयराम ओल्या फडक्याने तो कागद खरवडत होता.

“आजच्या आज बायलेक घेवन देवगडाक मेवण्याकडे जा,” आबा म्हणाले.

“किती दिस?”

“चौकी येतली,” आबा पुटपुटले.

“ती येयसर मी दर्यात जावचंय नाय तर खातलंय काय, आबा?” तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आबा दर रविवारी वाडीत जाऊन येत. दर वेळी बातमी थोडी वाईट असायची. होडीवरचे दोन्ही सोबती काम सोडून गेले. दुकानदार मीठ देईना. जयरामची बायको सुंदरा विहिरीवर गेली, की बाकीच्या बायका कळशा उचलून निघून जात. आबांनी चौकीसाठी वर तीन स्मरणपत्रं धाडली. मग एके सकाळी, लख्ख उजेडात, सगळ्या वाडीच्या देखत जयराम एकटाच होडी घेऊन गेला. दुपारच्या भरतीला होडी परत आली, ती रिकामी. जाळं कोरडं होतं आणि नीट घडी घातलेलं होतं.

महिन्याभराने नवा प्रश्न आला: ‘(१) सदर मच्छीमार बेपत्ता झाला, हे खरे आहे काय? (२) असल्यास, त्याचे नाव सभागृहात उघड झाल्यामुळे हे घडले काय?’ कागद रिवाजाप्रमाणे आबांच्याच टेबलावर आला. त्यांनी टोपीला हात लावला नाही. बसूनच लिहिलं: ‘(१) होय. (२) होय. त्याला दिलेला शब्द मोडून त्याचे नाव मी, खाली सही करणाऱ्याने, कळवले.’

मामलेदारसाहेबांनी घाम पुसला. “साटम, हे उत्तर तुमचं नाही, सरकारचं आहे.”

“मग सरकारानं दुसरं लिहावं, साहेब. मला येत नाही.”

तो कागद माझ्याकडे आला. घरी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या, नोकरी कच्ची होती. मी लिहिलं, ‘(१) बेपत्ता असल्याचे समजते. (२) चौकशी चालू आहे.’ आबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि “शुद्धलेखन बरा आसा तुझा” म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. चौकी नंतर झाली, म्हणजे जयराम गेल्यावर पाच महिन्यांनी.

चौकशी वर्षानुवर्षं चालूच राहिली. चालू असेतो मयताचा दाखला निघत नाही. सुंदरा दर महिन्याला कचेरीत यायची आणि आबा तिच्यासोबत येऊन अर्जदारांच्या बाकावर बसायचे. ज्या कचेरीत त्यांना बघून शिपाई उठून उभे राहत, तिथे ते दुपारपर्यंत ताटकळत. मी चहा पाठवला तर पीत, पण आत यायचे नाहीत.

गोवा सुटल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आबा तापाने गेले. आचऱ्याजवळ त्यांच्या घरी गेलो, तर मागल्या दारी सुंदरा बसली होती. तिच्या कपाळाला कुंकू होतं. मला बघून ती उठली.

“आबांनी माका पयल्याच दिसा सांगल्यानी,” ती म्हणाली. “माझ्या कागदान तुझो घोव गेलो, म्हणान. मी तेंका इचारलंय, एवढे शाणे तुमी, नाव कित्या लिवलास? कोणी लिवक लावल्यान काय तुमका? तर म्हणाले, नाय गो, थंय दुसरो कोण नव्हतो. माझी एकट्याची चूक.” तिने पदराने डोळे पुसले. “तुमी कचेरीत हुतात ना तेव्वा? खरा तां? दुसरो कोण नव्हतो?”

मी म्हणालो, “नव्हता.”